रंगीत पेन्सिली मायक्रोवेव्हमध्ये घालू नका: एका फिरत्या संदेशाला उत्तर

नाशिकच्या शाळांच्या पालकगटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे, ‘रंगीत पेन्सिलींचं सत्य, जे दुकानदार सांगणार नाही’. त्यातले दावे थोडक्यात असे: तुटलेलं लीड मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवलं की जोडलं जातं. महाग आणि स्वस्त पेन्सिलीत फक्त नावाचा फरक असतो. जितक्या जास्त शेड्स तितका सेट चांगला. रंग गडद हवा तर पहिल्यापासून दाबून घासा. रंग एकजीव करायला खोबरेल तेल किंवा रॉकेल वापरा. चित्र पूर्ण झालं की त्यावर हेअरस्प्रे मारा. शिवाय देशी पेन्सिलीत शिसं असतं, ही भीतीही घातलेली आहे.

हे सगळं माझ्या भाचीच्या वर्गाच्या गटात आलं. ती यंदा एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसते आहे. पेन्सिली मायक्रोवेव्हमध्ये नेमके किती सेकंद ठेवायच्या, असं तिने आईला विचारलं. म्हणून हे लिहिते आहे, आणि सुरुवात त्याच मुद्द्यापासून करते, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर चित्र बिघडेल. या सल्ल्याने स्वयंपाकघरात आग लागू शकते.

‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, लीड जोडलं जाईल’

साध्या काळ्या पेन्सिलीचं लीड ग्राफाइट आणि चिकणमातीचं असतं, आणि ते सुमारे हजार अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं. रंगीत लीड भाजत नाहीत. त्यात रंगद्रव्य, पांढरी माती किंवा टाल्क, डिंकासारखा बांधणारा पदार्थ आणि मेण किंवा तेल असतं. भाजलं तर मेण निघून जाईल आणि बरीच रंगद्रव्यं जळतील. म्हणून ते नुसतं दाबून, ओढून, वाळवून तयार करतात. साहजिकच ते मऊ असतं आणि पेन्सिल जमिनीवर पडली की आतल्या आत दोन-तीन ठिकाणी तुटतं.

संदेश लिहिणाऱ्याचा हिशोब असा, की मेण आहे म्हणजे तापवल्यावर वितळेल आणि तुकडे सांधले जातील. पण मायक्रोवेव्ह मुख्यतः पाण्याला तापवतो. मेण त्या लहरी फारशा शोषत नाही. म्हणजे जे वितळायला हवं ते जवळपास तसंच राहतं, आणि तापतो तो लाकडातला ओलावा. पेन्सिल म्हणजे खाचा पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, मध्ये लीड, आणि सगळं गोंदाने चिकटवलेलं. आतून वाफ धरली की तो सांधा उकलतो, लाकूड पिळवटतं, बाहेरच्या रंगाला फोड येतात. आणखी थोडा वेळ राहिलं तर लाकूड आतून करपायला लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

याहून वाईट गोष्ट पेन्सिलीच्या अंगावरच असते. सोनेरी किंवा चंदेरी अक्षरांत छापलेलं कंपनीचं नाव बहुतेक वेळा धातूच्या अतिपातळ पत्र्याचा छाप असतो. मायक्रोवेव्हमध्ये धातू गेला की ठिणग्या उडतात, हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण पेन्सिलीवरची अक्षरं धातूची असतील हे कोणाच्या ध्यानात येत नाही. काही सोनेरी-चंदेरी शेड्सच्या लीडमध्येही धातूची पूड असते. मागे खोडरबर बसवलेली पेन्सिल असेल तर तिथे पत्र्याची टोपी आहेच. काळ्या शेडमधला काजळीचा रंग या लहरी जोरात शोषतो, त्यामुळे त्याच डब्यातली काळी पेन्सिल बाकीच्यांपेक्षा झपाट्याने तापते. मुलाने चुकून साधी ग्राफाइटची पेन्सिल आत ठेवली, तर ग्राफाइट वीजवाहक असल्यामुळे थेट जाळ दिसू शकतो. ‘फक्त पाच सेकंद’ म्हटल्याने यातलं काहीही सुरक्षित होत नाही. ठिणगीला तेवढा वेळ पुरतो.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. उबेने मेणाचं लीड मऊ होतं हे खरं आहे. मंद गरम फळीवर कागद ठेवून मेणाच्या पेन्सिलीने काम करणारे चित्रकारही आहेत. उलट थंडीत लीड कडक आणि ठिसूळ होतं. जानेवारीत जवळच्या निफाडचा पारा अनेकदा राज्यात सर्वांत खाली जातो, तेव्हा नाशिकमध्येही सकाळी पेन्सिलीचा डबा गार पडलेला असतो. अशा वेळी काम सुरू करण्याआधी हव्या त्या शेड्स थोडा वेळ मुठीत धराव्यात. तेवढी ऊब पुरते. पण मऊ होणं वेगळं आणि तुटलेले तुकडे लाकडाच्या आत पुन्हा एकसंध होणं वेगळं. तेलाच्या पेन्सिलींना, उदाहरणार्थ फाबर-कॅस्टेल या जर्मन कंपनीच्या पॉलिक्रोमॉस मालिकेला, तर हा मेणाचा तर्क फारसा लागू होत नाही.

टोक सारखं मोडत असेल तर आधी शार्पनर तपासा. बोथट पात्याने लाकूड सोलण्याऐवजी फाटतं आणि लीडला पीळ बसतो. दहा-वीस रुपयांचा नवा शार्पनर हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. टोक काढताना पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवा, दाब कमी ठेवा, टोक लांबलचक करू नका. रंगीत लीडचं मेण पात्याला चिकटून राहतं, त्यामुळे अधूनमधून त्याच शार्पनरमधून एक साधी पेन्सिल काढा, म्हणजे पातं साफ होतं. तरीही मोडत असेल तर टोक केलेला भाग नीट पाहा. एका बाजूला लाकूड लीडवर चढलेलं आणि दुसऱ्या बाजूला लीड उघडं दिसत असेल, तर लीड मध्यात बसलेलं नाही. अशी पेन्सिल शार्पनरमध्ये मोडणारच. ती कटरने मोठ्या माणसाने छिलावी. आतून तुकडे झालेल्या पेन्सिलीचे निघालेले तुकडे फेकू नका. बारीक पॉलिश पेपरवर घासून पूड करा आणि कापसाने आकाशाला किंवा पार्श्वभूमीला लावा. छान सपाट रंग बसतो.

‘महाग आणि स्वस्त यांत फक्त नावाचा फरक’

एका गोष्टीपुरतं हे खरं आहे: पहिली-दुसरीतल्या मुलाच्या रंगवायच्या पुस्तकाला महाग पेन्सिल लागत नाही. ते पुस्तक वर्षभरात रद्दीत जाणार आहे. पण जे चित्र भिंतीवर लागणार आहे, कोणाला भेट द्यायचं आहे किंवा विकायचं आहे, तिथे हा दावा सपशेल खोटा ठरतो.

चांगल्या पेन्सिलीत रंगद्रव्य जास्त आणि भरणी (माती, टाल्क) कमी असते, म्हणून हलक्या हातानेही रंग उतरतो. पण मोठा फरक आहे रंग उजेडात टिकतो की नाही याचा. यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेचं डी ६९०१ नावाचं मानक आहे, खास चित्रकारांच्या रंगीत पेन्सिलींसाठी. त्यात प्रत्येक शेड प्रकाशात ठेवून ती किती उडते ते मोजतात, आणि वरच्या दोन वर्गांत बसणारी शेड चित्रासाठी योग्य मानतात. कारान दाश या स्विस कंपनीच्या ‘ल्युमिनन्स ६९०१’ मालिकेच्या नावातला आकडा याच मानकाचा आहे. फाबर-कॅस्टेल १९०८ पासून पॉलिक्रोमॉस बनवते आहे, आणि त्या प्रत्येक पेन्सिलीवर टिकाऊपणाचे तारे छापलेले असतात. तीन तारे म्हणजे सर्वांत टिकाऊ. मुलांच्या सेटवर असं काही लिहिलेलं नसतं, कारण तो त्यासाठी बनवलेलाच नसतो.

याचा अर्थ किंमत जास्त म्हणजे रंग टिकणारच, असा नाही. प्रिझ्माकलर प्रीमियर ही मऊ, सुंदर चालणारी आणि महाग पेन्सिल आहे, पण तिच्या काही गुलाबी आणि जांभळ्या शेड्स प्रकाशात कच्च्या आहेत. म्हणून कंपनीचं नाव नाही, शेडची खूण पाहायची. आणखी एक घोळ होतो: एकच कंपनी शाळकरी मालिका आणि चित्रकारांची मालिका अशा दोन्ही बनवते. डब्यावरचं मोठं नाव तेच, आतली पेन्सिल पूर्ण वेगळी. बिलावर मालिकेचं नाव वाचून घ्या.

ज्यांना पटत नसेल त्यांनी घरीच पाहावं. जाड पांढऱ्या कागदावर प्रत्येक शेडचा बोटभर लांब पट्टा भरा, शेजारी शेडचं नाव लिहा. अर्ध्या भागावर काळा जाड कागद घट्ट चिकटवा आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला तो कागद मार्च ते मे लावून ठेवा. नाशिकचा उन्हाळा ही परीक्षा चोख घेतो. मे अखेरीस काळा कागद काढा. गुलाबी, जांभळे आणि चमकदार निऑन रंग आधी गेलेले दिसतील, गेरू आणि तपकिरी बहुधा जागेवर असतील. जी शेड उडाली ती सरावाला ठेवा, चित्राला नको.

‘जास्त शेड्स म्हणजे चांगला सेट’

बहात्तर कच्च्या शेड्सपेक्षा चोवीस पक्क्या कधीही चांगल्या. दोन पिवळे (एक लिंबू, एक उबदार), दोन लाल, दोन-तीन निळे, नीळसर काळपट इंडिगो, गेरू, विटकरी, गडद तपकिरी, दोन हिरवे, एक जांभळा, दोन राखाडी आणि पांढरा एवढ्यात जवळपास सगळं निघतं. काळारामाच्या देवळाचा काळा दगड रंगवायचा तर काळी पेन्सिल सर्वांत शेवटी, फक्त भेगांत आणि कोनाड्यांत लावायची. खाली जांभळा, त्यावर इंडिगो, त्यावर गडद तपकिरी असे हलके थर दिले की दगड जिवंत दिसतो. नुसता काळा घासला तर भोक पडल्यासारखं दिसतं. हिरव्या द्राक्षाला आधी लिंबू पिवळा, मग पोपटी, सावलीत ऑलिव्ह आणि त्यावर अगदी थोडा विटकरी.

‘पहिल्यापासून दाबून घासा’

कागदाला बारीक खरखरीतपणा असतो आणि रंग त्यातच अडकतो. पहिल्याच थराला दाबलं की तो भरून जातो, कागद गुळगुळीत होतो आणि दुसरा रंग वरून घसरतो. पाच ते आठ हलके थर द्या, टोक धारदार ठेवा, हात लहान गोलाकार फिरवा, फिक्याकडून गडदाकडे जा. दाब फक्त शेवटच्या थराला. कागद निदान १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हवा. झेरॉक्सच्या कागदावर तीन थरांतच काम अडतं. पांढऱ्या बारीक रेषा, म्हणजे पानाच्या शिरा किंवा मिशा, रंगवण्याआधीच बोथट सुईने कागदावर दाबून घ्या. रंग त्या खाचेत उतरत नाही आणि रेषा पांढरी राहते.

मेणाच्या पेन्सिलीचे जाड थर दिले की काही दिवसांनी चित्रावर पांढुरकी झाक येते, द्राक्षाच्या मण्यावर असते तशी. ही बुरशी नाही, वर आलेलं मेण आहे. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जातं. संदेशात हीच झाक ‘भेसळीची खूण’ म्हणून दाखवली आहे, ते साफ चूक आहे.

‘खोबरेल तेल किंवा रॉकेल लावा’

खोबरेल तेल वाळत नाही. ते कागदात पसरतं, रंगाभोवती तेलकट कडा पडते, मागच्या पानावर डाग उमटतो, पुढचा थर बसत नाही, आणि कालांतराने त्याला खवट वास येतो. पेट्रोलियम जेलीचंही तेच. रॉकेल तर मुलांच्या हातात देण्याची वस्तूच नाही. ते पेटतं आणि त्याची वाफ छातीत जाते. द्रावकाने मेण विरघळून रंग एकजीव होतो, हे तत्त्व बरोबर आहे. पण त्यासाठी चित्रकारांचं वासरहित मिनरल स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं द्रावक) मिळतं. मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून, जाड कागदावर, दोन-तीन थर झाल्यावर जेमतेम ओल्या ब्रशने लावायचं आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा थर द्यायचा. मुलांनी कोरडंच काम करावं: रंगहीन ब्लेंडर पेन्सिल किंवा त्याच रंगाची फिकी शेड वरून फिरवली की पुरतं.

‘देशी पेन्सिलीत शिसं असतं’

इंग्रजीत ‘लीड’ म्हणजे शिसं, पण पेन्सिलीचं लीड शिशाचं नसतं, देशी असो की परदेशी. मूल पेन्सिल चावत असेल तर डब्यावर ईएन ७१ (खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) सारखी सुरक्षिततेची खूण आहे का ते पाहा. बाहेरच्या रंगासाठीही ती महत्त्वाची आहे. बिनानावाच्या सुट्या पेन्सिली लहान मुलाला देऊ नका.

‘शेवटी हेअरस्प्रे मारा’

हेअरस्प्रे केसांसाठी आहे. त्यातली द्रव्यं कागदावर वर्षानुवर्षं कशी वागतील याची हमी त्याचा निर्माताही देत नाही. तो चिकट राहू शकतो, पिवळा पडू शकतो. चित्रांसाठीचं फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग कागदावर पक्का करणारा फवारा, घ्या, आधी रद्दी कागदावरच्या त्याच रंगांवर मारून पाहा, साधारण हातभर अंतरावरून दोन-तीन हलके फवारे द्या, प्रत्येक फवारा वाळू द्या. घराबाहेर किंवा गच्चीवर मारा, पण पावसाळ्यात नको. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फवारा वाळताना पांढुरका पडू शकतो आणि गडद रंगांवर धुकं बसल्यासारखं दिसतं. त्या दिवसांत चित्र दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा आणि कोरडी हवा आली की फिक्स करा. काचेच्या फ्रेममध्ये जाणार असेल तर काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची जाड चौकट घाला, नाहीतर मेण काचेला चिकटतं.