पस्तीस ऐकलं, त्रेपन्न लिहिलं

मागच्या आठवड्यात लेकीच्या वहीत सहा लाल फुल्या दिसल्या. इयत्ता दुसरी. बाईंनी संख्या सांगायच्या, मुलांनी लिहायच्या. पस्तीसला हिनं ५३ लिहिलेलं, बेचाळीसला २४, एकोणसाठला ६१. शेवटच्या ओळीत तर कागद फाटेपर्यंत खोडरबर घासलेलं.

मी ओरडलोच. खोटं कशाला बोलू? "इतकं साधं येत नाही?" असंच म्हणालो. आईनं वही ओढून घेतली आणि नातीला विचारलं, "कसं लिहिलंस गं, सांग बघू." पोरगी म्हणाली, "पस्तीसमध्ये पाच आधी येतो ना, मग आधी पाच लिहिला."

बरोबरच आहे की! मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. बेचाळीसमध्ये 'बे' आधी, लिहिताना ४ आधी. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतं आणि साठ लिहायचंच नसतं. 'एक उणे साठ' हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं एक आणि साठ ऐकलं, एकसष्ट लिहिले. कन्नड-तेलुगूत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही एकवीसपासून पुढे तसंच. तिथल्या पोरांपुढे हा पेच येत नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं मुलं अडखळतात, गणिताला घाबरतात. ऐकतो कोण? त्या कोट्या फॉरवर्ड करणाऱ्यांत मीही होतो. मला अजूनही एकोणसाठ, त्र्याण्णव हे शब्द जायला नको आहेत. पण दोन्ही वाचनं शेजारी शेजारी असली तर भाषा बुडते, हे काही पटत नाही.

लेकीच्या पोटात दर गुरुवारी का दुखायचं, तेही आता कळलं. गुरुवारी पाढे आणि संख्यालेखन. चुकलं की उभं राहायचं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'ढ' म्हणायचं. (ब्राह्मीपासून आजवर हे अक्षर फारसं बदललंच नाही, म्हणून ते मठ्ठपणाला चिकटलं, असं म्हणतात. बिचारं अक्षर.) शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, वर्गासमोर हसं होणं त्यात धरायचं की नाही, हे ज्यानं त्यानं आपलं बालपण आठवून ठरवावं. आणि घरी मी वेगळं काय केलं होतं?

बाईंशी बोललो. पन्नासेक पोरं एका वर्गात, त्याही दमतात. पण "उभं नाही करणार" म्हणाल्या. घरी आईनं दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची नाणी काढली. तीन नोटा, पाच नाणी. तीस आणि पाच, म्हणजे पस्तीस. रोज दहा मिनिटं, भाजी निवडता निवडता. उत्तर चुकलं तरी आईचं आधी "कसं काढलंस?" हेच. या गुरुवारी पोट दुखलं, पण शाळेत गेली. एका आठवड्यात भीती जाते थोडीच.

काल रात्री माझी परीक्षा घेतली. "बाबा, लिही. एकोणऐंशी."

मी झोकात ८९ लिहिले. आई पदर तोंडाला लावून हसतेय, आणि ही दप्तरात लाल पेन शोधतेय.