मी आलो, मी आले

मराठीत मूल बोलायला लागले की दुसऱ्याच वाक्यात त्याला आपण मुलगा आहोत की मुलगी हे सांगावे लागते. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’. मधला मार्ग नाही. गेली सोळा वर्षे मी हाम्बुर्गमध्ये राहते, आणि दिवसभर ज्या जर्मन भाषेत काम करते तिच्या क्रियापदांना बोलणाऱ्याच्या लिंगाशी काही देणेघेणे नसते.

हे माझ्या लक्षात आणून दिले ते बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने. तो दादाचा मुलगा. जन्मदाखल्यावर मात्र मुलगी. (त्याला विचारूनच लिहीत आहे, आणि काही तपशील बदलले आहेत.) कित्येक वर्षे तो घरात ‘मी जाईन’, ‘मी करीन’ असा भविष्यकाळातच बोलत असे, कारण मराठीच्या भविष्यकाळाला लिंग नसते; नाहीतर तो गुजरातीकडे वळे, कारण ‘हुं जाउं छुं’ हे मुलगा आणि मुलगी सारखेच म्हणतात. शाळेमुळे त्याची मराठी बिघडली असे आम्ही समजत होतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्याने दारातून ‘आजी, मी आलो’ म्हटले, आणि ती चूक नव्हे हे सर्वांना एकदमच कळले.

नंतर घरच्या वॉट्सअॅप ग्रुपवर जो वाद झाला त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा आले: ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत. बडोदेकरांनी तरी असे म्हणू नये. बहुचराजीला, बहुचरा देवीच्या देवळात, आपण सगळे जाऊन आलो आहोत. त्या देवीला मानणारा पावैयांचा, म्हणजे तृतीयपंथीयांचा, समाज गुजरातेत किती जुना आहे, आणि गायकवाडांचा त्या देवस्थानाशी किती संबंध होता, हे त्याची आजीच आम्हाला सांगत असे. तरीही या परंपरेचा आधार मला अर्धाच वाटतो. लग्नघरी येऊन आशीर्वाद देणाऱ्या मासीबांना, म्हणजे याच पावैयांना, आपण पैसे देतो ते त्या दुसऱ्या घरच्या म्हणून. शिवाय पुरुषपण सोडून आलेल्यांना तिथे स्थान आहे. मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलाला त्या परंपरेतही कोणी ओळखत नाही.

आणि पाश्चात्त्य म्हणजे तरी काय? जर्मनीच्या १९८० च्या कायद्यानुसार नाव बदलायलाही न्यायालयात दोन तज्ज्ञांचे अहवाल द्यावे लागत, आणि कागदावरचे लिंग बदलायचे तर शस्त्रक्रिया आणि प्रजननक्षमता गमावणे ही अट होती. ती तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा ठरवला, तो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. मागे पडलो ते नंतर. २०१९ च्या आपल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाचा ओळख-प्रमाणपत्रासाठीचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पालकांनीच करायचा असे ठरवले, आणि प्रमाणपत्रावर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असे हवे असेल तर पुन्हा शस्त्रक्रियेची अट आणली. जर्मनीत १ नोव्हेंबर २०२४ पासून चौदा वर्षांचे मूल नाव आणि लिंग बदलण्याचे निवेदन स्वतः देऊ शकते. पालकांची संमती त्यालाही लागते, पण ती मिळाली नाही तर कुटुंब न्यायालयाचे दार उघडे असते. हा फरक मला मोठा वाटतो.

दादाने मला इंग्लंडमधल्या कॅस अहवालाची बातमी पाठवली. एप्रिल २०२४ च्या त्या अहवालात अल्पवयीन ट्रान्स मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले आहे, आणि औषधांबाबत घाई नको हे मलाही मान्य आहे. पण आमच्या घरात औषधांचे नाव कोणी काढले होते? मूल ‘आलो’ म्हणाले की मोठ्यांच्या डोळ्यांपुढे लगेच शस्त्रक्रियागृह उभे राहते, आणि ज्याला बोलायचे असते ते मूल बाजूलाच राहते.

त्याला बोलायचे होते ते निराळेच. ट्यूशनमधली एक मुलगी त्याला आवडते. रात्री उशिरा त्याने मला लिहिले: ‘आत्या, तिला मी मुलगा म्हणून आवडतो की मैत्रीण म्हणून आवडते, हे कसं कळणार?’ मी बराच वेळ उत्तर दिले नाही. इथे माझ्या शेजारच्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कागद, शाळा आणि नाव हे सारे सुरळीत झाले आहे, आणि तोही अशाच प्रश्नाने रात्री जागतो, असे त्याची आई सांगते. शेवटी मी एवढेच लिहिले, की तिलाच विचार. त्याने विचारले. ती दोन दिवस काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने त्याला नवे नाव काय ठेवणार असे विचारले.

आजीने स्वतःपुरती तोड काढली आहे: ‘बाळ जेवलं का?’ नपुंसकलिंगामुळे तिची सुटका होते. तो मात्र चिडतो आणि प्रत्येक वेळी ‘हो, मी जेवलो’ असे ठासून सांगतो.

नवरात्रात मोठ्या मैदानातल्या गरब्याचा पास काढायचा, तर अर्जावर पुरुष की स्त्री हे भरावे लागते. दादाने मला फोन करून काय भरू असे विचारले, तेव्हा मी म्हटले, त्यालाच विचार. त्याने पास काढूच नका असे सांगितले. केडियू (गरब्यातला मुलांचा घेरदार अंगरखा) घालून तो मांडवीजवळच्या एका गल्लीत शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्याच गरब्याला, गेला, तिथे अर्ज भरावा लागत नाही. ट्यूशनमधली ती मुलगी आली होती की नाही, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही.