गाडी कोणासाठी थांबणार नाही म्हणे!

ग्रुपचा डीपी बदललाय. त्यात मी आहे. हातात आंब्याच्या मोहोराची मोडलेली फांदी, तोंड उघडं, आणि खाली लिहिलंय 'वसंत सहल, फुल्ल धमाल'. कालपासून सतरा जणांनी त्यावर हसून लोळणारे चेहरे टाकलेत. हे तेच सतरा, ज्यांच्यासाठी मी कुडाळच्या एसटी स्टँडवर पहाटे साडेपाचपासून कुत्र्याला बिस्किटं घालत बसलो होतो.

'सर्वांनी साडेपाचला हजर राहावे, गाडी कोणासाठी थांबणार नाही.' इति अ‍ॅडमिनसाहेब. साहेब स्वतः आले साडेसहाला. गाडी आली पावणेसातला. आणि शेवटचं कुटुंब पावणेआठला, कारण कर्त्या पुरुषाचं पोट साफ झालं नव्हतं. हे त्यांनी पायरीवरूनच जाहीर केलं. वर म्हणाले, "आता बरां वाटता." आमका पण वाटता हो!

अरे, आपण सुरंगीची, त्या घमघमणाऱ्या फुलांची झाडं बघायला निघालो होतो! सुरंगी म्हणजे काय मॉल आहे का, दहाला उघडायला? माणसं अंधारात झाडावर चढतात, खाली जुन्या साड्या अंथरतात, आणि ऊन चढायच्या आत कळे उतरवून मोकळी होतात. हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर काय, तर जोडलेले हात आणि एक गुलाब. गुलाब! मिसळीला मात्र सगळे वेळेवर. मिसळीनंतर चहा, चहानंतर 'जरा पाय मोकळे'. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण पनवेलच्या बाजूला 2011 मध्ये सुरू झालं, पण ह्या लोकांपुढे मी त्यालाही वक्तशीर म्हणेन.

वेंगुर्ल्याकडच्या आसोलीत पोचलो साडेदहाला. फांद्यांच्या अंगाला चिकटून जो पांढरा-पिवळा सडा फुललेला असतो, तो सगळा उतरून टोपल्यांत. अंगणात एक आजी वळेसार, म्हणजे सुरंगीचे गजरे, करत बसली होती. आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आता येवन काय करतलास?" मी मान खाली घातली. बाकीचे टोपलीशेजारी बसून रील काढत होते.

आणि तो प्रश्न! पुढे एका कलमांच्या बागेत उतरलो. चहूकडे हापूस मोहोरलेला, काजूचे लालसर तुरे, माश्यांची घूं घूं, वास असा की डोकं गरगरावं. तिथे मधोमध उभं राहून पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ विचारतात, "ही झाडं झाली, पण बाग कुठेय?" त्यांना म्हणे वाफे हवे होते. ट्युलिप. बाकडं. 'आय लव्ह वेंगुर्ला' लिहिलेला बोर्ड. वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या जातींना गावाचं नाव आहे, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7. हे मी सांगायला घेतलं, तर मागून ब्लूटूथ स्पीकर सुरू. त्या स्पीकरचा शोध लावणाऱ्याला ऐन मे महिन्यात बिनपंख्याच्या खोलीत बसवून अंताक्षरी ऐकवावी.

तर मोहोर. ज्यांचं पोट साफ झालं होतं त्यांनीच हात वर करून कचकन फांदी मोडली. मला म्हणाले, "काका, जरा धरा, फोटो काढतो." आणि मी मूर्ख, धरली! तेवढ्यात झाडांमागून फवारणीचा पाइप खांद्यावर घेतलेला मालक. बघतो तर काय, सतरा जण हात झटकून उभे आणि मुद्देमाल माझ्याकडे.

"शिरां पडो मेल्या तुझ्या तोंडार! गवत वाटला काय ह्या तुका?"

मी साठीचा माणूस. निवृत्त. बँकेत पस्तीस वर्षं एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. पण तोंडातून शब्द फुटेना, कारण तो बरोबर बोलत होता. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यातली बरीचशी नर, त्यातून फळ धरणार एखाद-दुसरं. ढग आले की तुडतुडे, त्यावर फवारणी, पुन्हा ढग, पुन्हा फवारणी. त्याचं वर्ष त्या फांद्यांवर लटकलेलं. मी माफी मागितली. पोटवाले? गाडीत बसून एसी लावा म्हणत होते. आणि नेमका तेवढ्यात फोटो काढणारा तो कोण, ते मी शोधून काढणारच आहे.

जेवणाचं बिल समान वाटून घेतलं. माझी संकष्टी होती. मी वरण-भात खाऊन चार सुरमयांचे पैसे भरले. यावर जास्त बोलत नाही, रक्तदाब आहे. गेल्या पावसाळ्यात आंबोलीलाही हेच केलं होतं, तेव्हा एकादशी होती. हे लोक पंचांग बघून सहल ठरवतात असा माझा संशय आहे.

परतताना आरवलीला वेतोबाचं देऊळ. देवाला नवसाने वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला बघून मनात आलं, देवा, एक जोड उसना दे, अ‍ॅडमिनपासून सुरुवात करतो. बाहेर आलो, तर माझ्याच चपला गायब! देवळाभोवती तीन फेऱ्या मारल्या. फुलवाल्या बाईवर नजर ठेवली. पोटवाल्यांच्या पायात डोकावलो. तापलेल्या फरशीवरून उड्या मारत मी 'आजकाल देवळातसुद्धा' वगैरे बरंच बोललो. यात पाऊण तास गेला. गाडी हॉर्न देत उभी. शेवटी अनवाणी चढलो, तर अ‍ॅडमिनसाहेब गोड हसून म्हणाले, "काकानु, गाडी कोणासाठी थांबूची नाय हां."

बसलो. पाय आत ओढले. सीटखाली काहीतरी लागलं.

मीच देवळापाशी उतरताना काढून ठेवलेल्या.

त्या मी घातल्या नाहीत. कोणाला सांगितलंही नाही. गुपचूप पिशवीत कोंबल्या आणि कुडाळला अनवाणीच उतरलो, चेहऱ्यावर अन्याय झालेल्या माणसाचा भाव तसाच ठेवून. पिशवीत आजीकडून घेतलेला वळेसार होता, हे घरी पोचल्यावर आठवलं. बायकोने हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि देव्हाऱ्यातही नको म्हणाली.