वास येतो म्हणून अंघोळ?

"कुत्र्याला अंघोळ दर रविवारी. चुकायचं नाही. कुत्रा गादीवर झोपतो, मग स्वच्छ नको ठेवायला त्याला?" बाळ्याने हे असं काही सांगितलं की मास्तर गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"लांडग्याला कोण घालतं रे अंघोळ?" मास्तर म्हणाले. "कातडीला निसर्गानेच तेल दिलंय. ते तू दर आठवड्याला धुऊन काढतोस आणि वर तक्रार करतोस की कुत्रा खाजवतो."

"लांडगा तुमच्या सोफ्यावर लोळत नाही, मास्तर."

"आणि तुझा लॅब्रॅडॉर रानात शिकार करत नाही. तरी तेल त्यालाही लागतंच."

बाळ्याचा लॅब्रॅडॉर खाजवतो, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. खाजवतो म्हणून बाळ्या अंघोळ घालतो. मग पाठीवर कोंडा दिसतो, म्हणून पुढच्या रविवारी आणखी जोरात चोळतो. या चक्रात खाज आधी की अंघोळ आधी, हे आता बाळ्यालाही सांगता येणार नाही.

"शाम्पू कुठला?" ताईंनी विचारलं. ताईंनी बरीच वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलंय, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की मास्तरसुद्धा ऐकतात. निदान सुरुवातीला.

"आम्ही वापरतो तोच. वास मस्त आहे."

"तोच तर घोळ आहे. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5.5 च्या आसपास. कुत्र्याची बरीचशी 7 च्या जवळपास. शिवाय आपल्या वरच्या त्वचेत पेशींचे 10 ते 15 थर धरले, तर त्याच्या त्वचेत 3 ते 5. केसांमुळे आपल्याला वाटतं कातडी जाड आहे. उलट आहे ते. आणि तो मस्त वास त्याच्या नाकाला किती मस्त वाटत असेल, याचा विचार कर."

"बघ!" मास्तर खूश. "मी तेच म्हणतोय. अंघोळच नको."

"थांबा मास्तर. तुमच्या कॉकर स्पॅनियलला शेवटची अंघोळ कधी घातली?"

मास्तरांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. पक्याने तो हाणून पाडला.

"त्याच्या कानांना वास येतो," ताई म्हणाल्या. "आंबूस. बोटांच्या बेचक्यांतही येत असणार. कॉकरची कातडी मुळातच तेलकट, कान लोंबते, आत दमट. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असते. सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर थोडंफार असतं, पण तेल आणि ओल मिळाली की बेसुमार वाढतं. मग खाज, लाली, काळपट जाड कातडी. तिथे निसर्ग पुरत नाही. औषधी शाम्पू लागतो, आणि तो सुरुवातीला आठवड्यातून दोनदासुद्धा सांगतात."

म्हणजे दोघंही एकाच वेळी चुकीचे. एकाने कातडी कोरडी पाडली, दुसऱ्याने तेल साठू दिलं, आणि दोन्ही कुत्री खाजवतायत. माझ्या मते इथेच वाद मिटायला हवा होता. पण कट्ट्यावर वाद मिटवायचा नसतो.

"एक काय ते सांगा ना," पक्या वैतागला. "आठवडा, महिना की वर्ष?"

"धडधाकट कुत्र्याला साधारण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पुरते. आखूड केसांचा, घरातच राहणारा असेल तर तीन महिनेही चालतात. पूडलसारखे कुरळे, सतत वाढणारे केस असतील तर चार ते सहा आठवड्यांनी. बिनकेसांच्या जातींना मात्र आठवड्याला लागते, कारण तेल शोषून घ्यायला केसच नाहीत. आणि अ‍ॅलर्जीवाल्या काही कुत्र्यांना डॉक्टरच आठवड्याला कोमट पाण्याची अंघोळ सांगतात. अंगावरचे परागकण, धूळ निघून जाते."

"म्हणजे आठवड्याला चालते!" बाळ्या उसळला.

"सौम्य, कुत्र्यांसाठीचा शाम्पू असेल तर चालते. गरम पाण्याने, आपल्या शाम्पूने आणि अर्धवट धुऊन नाही."

ताईंचं खरं दुखणं या 'अर्धवट'मध्ये होतं. औषधी शाम्पू अंगावर 10 मिनिटं राहिला पाहिजे, तरच औषधाचा उपयोग. वेळ मोजायची ती फेस झाल्यापासून.

"10 मिनिटं?" पक्या हसला. "आमचा 10 सेकंद उभा राहत नाही."

"मग जिथे जास्त त्रास आहे तिथून सुरुवात कर. पोट, काखा, पंजे. तिथलं चोळत बस, बाकीचं अंग नंतर. आणि धुताना पाणी स्वच्छ येऊ लागलं तरी आणखी थोडा वेळ धुवायचं. राहिलेला शाम्पूच पुढे खाजवतो."

अंघोळीआधी ब्रश, हे मात्र मास्तरांनी सांगितलं आणि बरोबर सांगितलं. केसांतला गुंता ओला झाला की आवळतो, त्याची जट बनते आणि खाली ओल कोंडते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांच्या वरच्या केसांखाली दाट मऊ लव असते. वरून कुत्रा कोरडा दिसतो, आत ओलाच. मग एखाद्या रात्रीत लाल, ओलसर, चिकट चट्टा उठतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. टॉवेलने टिपून, मग ड्रायर कमी उष्णतेवर, हलता ठेवून.

"आणि पिसवा?" बाळ्याने विचारलं. "त्यासाठी तर मी मानेवर थेंबही टाकतो. शनिवारी."

दोन क्षण कोणीच बोललं नाही.

"शनिवारी थेंब," ताई सावकाश म्हणाल्या, "आणि रविवारी अंघोळ?"

पक्या हसून हसून कट्ट्यावरून पडायचा बाकी होता. ते औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं. म्हणून बहुतेक थेंबांच्या आधी आणि नंतर निदान दोन दिवस अंघोळ टाळायची असते. बाळ्या औषध धूत होता. शिवाय अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी, अळ्या, कोश हे सगळं अंथरुणात आणि गालिच्यात असतं, त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही. बाळ्याच्या घरी मांजरही आहे. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला जीवघेणं ठरू शकतं, हे ऐकून तो पहिल्यांदाच गप्प झाला.

मास्तरांनी संधी साधून टी-ट्री तेलाचं सुचवलं, नैसर्गिक म्हणून. ताईंनी ते तिथल्या तिथे उडवलं. कुत्र्याला त्याची विषबाधा होते, आणि तो ते चाटणारच. खाजेसाठी पोटातून दिलेलं माशाचं तेल, म्हणजे ओमेगा-3, त्यातल्या त्यात बरं. पण तेही वजनानुसार, डॉक्टरांना विचारून, आणि फरक दिसायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तेवढा धीर आमच्यात फक्त मास्तरांकडे आहे.

"कानात मी काहीतरी टाकून साफ करू का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आधी दाखवा. आत पडदा फाटलेला असेल तर काही द्रवांनी बहिरेपण येऊ शकतं. बड्स तर मुळीच घालू नका, मळ आणखी आत जातो."

"उद्या सकाळी नेतो."

"मी पण येतो," बाळ्या म्हणाला. "ते थेंब आता पुन्हा कधी टाकायचे, ते विचारायला हवं. लगेच टाकले तर डोस डबल होईल ना?"