आम्ही दलाल नाही

चूक पोह्यांच्या ठेल्यावर झाली. मी तोंडात घास कोंबत होतो, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "रविवारी मोकळा आहेस ना?" भरल्या तोंडाने मान हलली, तो अण्णांनी होकार धरला. अशा रीतीने मी इंदूरच्या आसपासच्या शेतांचा इतिहास गोळा करणाऱ्या बिनपगारी मंडळात दाखल झालो. मंडळात आम्ही पाच जण. दहा गुडघे, पैकी चार चालू.

काम ऐकायला सोपं होतं. बायपासपलीकडच्या गावांत जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, पूर्वी काय पिकायचं, विहीर कुणी खणली. माळव्याची काळी जमीन सोयाबीन पसरायच्या आधी पावसाळ्यात बरीचशी पडीक असायची, रब्बीत गहू-हरभरा. त्याच्याही मागे गेलं तर अफू. हे पाहिलेली, ऐकलेली माणसं संपत चालली आहेत, हे अण्णांचं म्हणणं खरं आहे. फक्त जी उरली आहेत, ती आमच्याशी बोलायला तयार नव्हती.

कारण इंदूरजवळ वही घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस जमीन घेणारा असतो, नाहीतर घेणाऱ्याचा माणूस. अर्ध्या गावात कॉलनी कापून झालेली. पहिल्याच खाटेवरच्या म्हाताऱ्यांना मी नमस्कार करून विचारलं, "बा साब, ये खेत पेले कैसा था?"

"पेले भाव बोलो."

"हम दलाल नहीं हैं."

"सब येई केते हैं, भिया."

तेवढ्यात त्यांच्या मुलाने मोबाइलवर नकाशा उघडून कोपऱ्यावरचा तुकडा दाखवलाही.

अण्णांनी मग हुकमी पान काढलं. अल्बर्ट हॉवर्ड साहेब, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ, १९२४ ते १९३१ इंदुरात होते. शेण, पालापाचोळा, राख, माती यांचे थर लावून तीनेक महिन्यांत खत. जगात त्याला इंदूर पद्धत म्हणतात, १९३५ साली गांधीजींनी येऊन पाहिलं. आणि १९३१ च्या पुस्तकावर साहेबांच्या जोडीला नाव आहे यशवंत वाडांचं! (वाड म्हणताना अण्णांची छाती अशी फुगते, जणू खड्डा यांनीच खणला.)

बा साबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो साब बिलायत से गोबर सीखने आये थे?"

अण्णा गप्प. हॉवर्ड स्वतः शेतकऱ्यांना गुरू मानत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

बहुतेक आमची कीव आली असावी. मुलाने घरातून एक पिवळा कागद आणला. होळकरी अमलातला, मोडी. मंडळाच्या फॉर्मवर 'मोडी वाचता येते' असं मी लिहिलं होतं, पोरींनी बायोडेटात 'स्वयंपाकाची आवड' लिहावं तसं. मोडीत शब्द एकमेकांना चिकटून बसतात, ह्रस्व-दीर्घाची भानगडच नाही. 'विहीर' उकलायला वीस मिनिटं लागली आणि ती विहीर नव्हतीच. वर सन फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष. उत्तरेचा फसली की दक्षिणेचा, यावर मंडळात दोन वर्षांच्या फरकाचं कडाक्याचं भांडण झालं.

तीन तासांनी अर्थ लागला. शेजाऱ्याच्या बैलाने हरभरा खाल्ला, अशी तक्रार होती.

बा साब खाटेवरून उठले, दुपारपासून पहिल्यांदाच. "किसके बैल ने?"

मी नाव वाचलं. शेजारी अजून तेच घराणं. पलीकडचे म्हातारे बांधावर बोलावले गेले. मग काय! हरभऱ्यावरून विहिरीवर, विहिरीवरून बांध कुणाच्या आजोबांनी सरकवला यावर, तिथून कुठला आंबा कुणी लावला यावर. अफूचा खळा कुठे होता, तेही निघालं. चढत्या आवाजात, सनावळीसकट, एकही प्रश्न न विचारता. अण्णा धपाधप लिहीत होते, पेनातली शाई संपली तर माझं पेन ओढून घेतलं.

दमल्यावर पलीकडचे म्हातारे माझ्याकडे वळले.

"कागद में बैल का भाव क्या लिखा है?"