दोन्ही भोकांत दिवा

पंख्याचा स्विच गेला. अगदीच गेला नव्हता. दाबला की आतून चर्र आवाज यायचा, पंखा दोन फेऱ्या मारायचा आणि रुसल्यासारखा थांबायचा. बायको म्हणाली, "इलेक्ट्रिशियनला बोलाव." एका स्विचसाठी? दोन स्क्रू, दोन वायरी! शाळेत विज्ञानात चांगले मार्क पडलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये.

हत्यारं घरात होतीच. कपाटाचा खालचा खण उघडला आणि एकेकाला बाहेर काढलं. टेस्टरचं टोक वाकडं निघालं. बिचाऱ्याने आजवर रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटली होती, तुंबलेली जाळी खरवडली होती, एकदा तर घड्याळाच्या पट्ट्याला भोक पाडलं होतं. वीज सोडून सगळी कामं त्याला येत होती. पकडीच्या दांड्यांवर लाल प्लॅस्टिक होतं. खऱ्या विजेच्या पकडीवर १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. माझ्या पकडीवर काहीच नव्हतं. म्हणजे ते प्लॅस्टिक हाताला टोचू नये एवढ्यापुरतंच. इन्सुलेशन टेपचा गोंद इतका पाझरला होता की ती टेपला सोडून बाकी सगळ्याला चिकटत होती. शिवाय व्होल्ट, करंट मोजायचा एक मल्टिमीटर होता, हौसेने घेतलेला, अजून खोक्यात.

त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडला आणि लगेच अंधार झाला. हत्यारांच्या याद्यांमध्ये बॅटरी कायम तळाला लिहितात. ती पहिली हवी, आणि हातात धरायची नाही, डोक्याला बांधायची हवी. माझ्याकडे तशी नव्हती, म्हणून बायको मोबाइल धरून उभी राहिली. ती उजेड माझ्या तोंडावर पाडत होती. "बोर्डावर पाड," म्हटलं. "तू काय करतोयस ते मला बघायचंय," ती म्हणाली.

बंद केलेलं खरंच बंद आहे का, हे बघायची एक रीत आहे. आधी जिथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी टेस्टर लावायचा, मग आपल्या बोर्डावर, आणि मग पुन्हा पहिल्या ठिकाणी. तिसरी फेरी अशासाठी की मधल्या वेळात टेस्टरनेच राम म्हटला असेल तर? ही रीत मी इमानदारीने पाळली. शेजारची खोली, ही खोली, पुन्हा शेजारची खोली. पूर्ण प्रकरणात मी शहाण्यासारखं केलेलं हे एकच काम, आणि बायको नेमकं त्यालाच हसली.

मग वायर सोलणं. यासाठी वायर स्ट्रिपर नावाचं हत्यार असतं, त्याला वायरीच्या जाडीप्रमाणे खाचा असतात. माझ्याकडे दात होते. दातांनी प्लॅस्टिक निघालं, पण सोबत तांब्याच्या दोन तारा तुटल्या. तारा कमी झाल्या की तेवढाच करंट थोड्या तारांतून जातो आणि जोड तापतो, एवढं विज्ञान आठवत होतं. म्हणून ते टोक कापलं आणि पुन्हा सोललं. या वेळी पकडीने. तीन तारा गेल्या. पुन्हा कापलं. भिंतीतली वायर वाढवून मिळत नाही ही गोष्ट चौथ्या खेपेला लक्षात आली, तोवर ती पाइपाच्या तोंडातून जेमतेम नाक बाहेर काढून बघत होती. कसंबसं तिला स्विचपर्यंत ओढत आणलं आणि स्क्रू आवळला.

बोर्ड उघडताना वायरी सरळ दिसतात. बंद करताना त्याच वायरी लग्नाच्या पंगतीतल्या पाहुण्यांसारख्या फुगून बसतात, कुणी सरकायला तयार नाही. फळी दाबली, खांद्याने दाबली. आत कुठेतरी टक् असं काहीतरी झालं. मी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

एमसीबी वर केला. पंखा नाही, ट्यूब नाही, सॉकेट नाही. आधी एक स्विच बंद होता, आता सगळा बोर्ड.

टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, मागच्या टोपीवर बोट टेकवलं. टेस्टरमधला दिवा लागला. डाव्या भोकात घातला. दिवा लागला! मी हात मागे घेतला. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, ती एकाच भोकात असायला हवी. "दोन फेज आलेत," मी गंभीरपणे जाहीर केलं. "चारशे व्होल्ट. कुणी हात लावू नका." मुलगा दाराआडून म्हणाला, "बाबा, मग ट्यूब का लागत नाही?" मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.

शेवटी मल्टिमीटर खोक्यातून काढला. वायरी बरोबर भोकांत लावल्या, कारण त्यातलं १० ॲम्पिअरचं भोक निवडून सॉकेटमध्ये घातलं तर मीटर हा मीटर राहत नाही, नुसती वायर होतो, आणि भडका उडतो. हे मी पुस्तिकेत दोनदा वाचलं. डायल एसी व्होल्टवर नेला, काड्या सॉकेटच्या दोन भोकांत. आकडा आला शून्याच्या आसपास. टेस्टर म्हणतो दोन्हीकडे वीज, मीटर म्हणतो वीजच नाही. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मी मीटर खराब ठरवला, कारण तो नवा होता.

इलेक्ट्रिशियन आला. हातात एक टेस्टर आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब, बस्स. मी चारशे व्होल्टची कल्पना दिली. त्याने मान हलवली आणि बोर्डावरचे सगळे स्विच बंद केले. मग टेस्टर लावला. एकाच भोकात दिवा. ट्यूबचा स्विच चालू केला. दोन्ही भोकांत दिवा. बंद, एक. चालू, दोन. मुलाला हा खेळ फार आवडला.

"न्यूट्रल सुटलाय, साहेब," तो म्हणाला. न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी वायर. फेज ट्यूबमधून पलीकडे जातो, परतीची वाट तुटलेली, म्हणून तिथेच अडकून दुसऱ्या भोकातही दिसतो. टेस्टरला एवढंच कळतं की इथे काही आहे. मीटर दोन भोकांमधला फरक मोजतो, आणि दोन्हीकडे तोच फेज म्हटल्यावर फरक कुठला? म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

मग एमसीबी पाडून त्याने फळी उघडली. सॉकेटच्या न्यूट्रलच्या भोकात दोन वायरी असायला हव्या होत्या. बाहेरून येणारी निसटून बाजूला लोंबत होती. तोच टक्. त्याने ती बसवली, स्क्रू आवळला आणि चिमटीत धरून ओढून बघितली. मग दुसरी ओढली, तिसरी ओढली. "वायर लावली की ओढायची," तो म्हणाला. मी जोडलेलीही ओढली. ती त्याच्या हातात आली.

मग त्याने ती पुन्हा सोलली. दातांनी. दोन सेकंदांत, एकही तार न तुटता.

पंखा फिरला. तो हत्यारं आवरताना माझ्या नव्या स्विचकडे जरा वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघाला. त्याच रात्री कळलं. स्विच उलटा बसलाय. बंद केला की पंखा लागतो.