आय-सेव्हन घेतला नाही तर पोरगी नापास होणार आहे का?

‘इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आवर्जून वाचावे – एका आयटी तज्ज्ञाचा सल्ला’ हा मेसेज सीईटीनंतर प्रवेशाच्या कॅप राउंड सुरू झाल्या की दरवर्षी उगवतो. तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही. एरवी मी असले मेसेज न वाचता उडवतो. पण यंदा तो ताईकडे पोचला. भाचीला सिव्हिल मिळालंय आणि दाजी त्या मेसेजच्या भरवशावर पतपेढीतून लॅपटॉपसाठी कर्जाचा फॉर्म आणायला निघालेत. ऑफिसातल्या लॅपटॉपची दुखणी काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ रे, खरं आहे का?’ फोनवर सांगून झालं, पण दाजींना लेखी हवंय. घ्या लेखी.

मेसेज थोडक्यात असा: लॅपटॉप आय-सेव्हनचाच घ्या (ही इंटेल कंपनीची चिप, म्हणजे प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू), नवा परवडत नसेल तर जुना घ्या पण आय-सेव्हनच. ग्राफिक कार्ड (चित्रं आणि थ्री-डीसाठीची वेगळी चिप) हवंच. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ८ जीबी घ्या, पुढे वाढवता येते. विंडोज नसलेला घ्या, दुकानदार फुकट टाकून देतो, एमएस ऑफिससकट. बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण संपवा आणि मग सलग बारा तास चार्ज करा. चार्जिंग चालू असताना वापरू नका, रेडिएशन हजारपट वाढतं. हाताला मुंग्या येतात म्हणून स्टॅबिलायझर घ्या. कूलिंग पॅड, अँटिव्हायरस, कीबोर्ड कव्हर घ्या. पक्कं बिल घ्या. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारच्या मोफत लॅपटॉपसाठी खालच्या लिंकवर फॉर्म भरा.

रेडिएशनचं दोन वाक्यांत उरकतो. पिन खोचली म्हणून लॅपटॉपचा वायफाय जास्त जोरात चालत नाही. वाढते ती उष्णता, आणि तीही थोडीच. हेच ‘हजारपट’ मी पूर्वी मोबाइलच्या मेसेजमध्येही वाचलंय, तिथून उचलून इथे चिकटवलंय.

आता आय-सेव्हन. घरातले पैसे बुडतात ते इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

‘आय-सेव्हन’ हे अर्धवट नाव आहे. खरं नाव त्याच्यापुढच्या आकड्यांत असतं. आय ७-६६००यू ही चिप २०१५ची. सहावी पिढी, आत दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन भाग. आय ३-१२१५यू ही २०२२ची. बारावी पिढी, आत सहा कोअर, दोन मोठे आणि चार छोटे. ‘थ्री’वाली ही चिप त्या ‘सेव्हन’ला आरामात मागे टाकते. शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे: यू म्हणजे कमी वीज खाणारी, एच म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त काम करणारी. म्हणजे दोन आय-सेव्हनसुद्धा एकमेकांसारखे नसतात. वर गंमत अशी की २०२३ संपता संपता इंटेलने नव्या चिपांच्या नावातला ‘आय’च काढायला सुरुवात केली. आता नव्या लॅपटॉपवर नुसतं ‘कोअर ५’ किंवा ‘कोअर अल्ट्रा ५’ दिसतं. दाजी ‘आय’ शोधत बसले तर नवा माल सोडून जुन्यावर बोट ठेवतील.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या चिपांमध्ये याहून बेरकी प्रकार आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. एका आकड्याचा फरक, दुकानात दोन्ही ‘रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज’ म्हणून पुढे येतात. त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिलीत २, म्हणजे झेन २, जी २०१९ सालची रचना, आणि कोअर चार. दुसरीत ३, म्हणजे झेन ३, कोअर सहा. हे सेल्समन सांगणार नाही. खोक्यावर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचायचं.

‘जुना चालेल पण आय-सेव्हनच’ हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला खरा राग येतो. कंपन्यांनी काढून टाकलेले सहाव्या-सातव्या पिढीचे आय-सेव्हन लॅपटॉप पुसून-पासून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकायला असतात, आणि पालकांना ते नेमके याच वाक्याने विकले जातात. मायक्रोसॉफ्टची विंडोज ११साठी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी त्यांच्याच साइटवर सगळ्यांसाठी खुली आहे. इंटेलमध्ये ती एखाद-दुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे ६६००यू तिच्यात नाही. आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ बसवून देतात, दुकानदार ‘चालतंय की’ म्हणून दाखवतोही. चालतं. पण मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते की अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही. चार वर्षांच्या डिग्रीसाठी वस्तू घ्यायची आणि तिला पहिल्या दिवसापासून हमी नाही! बाकी सगळं वादापुरतं बाजूला ठेवा, एवढी एक यादी उघडून बघितली तरी मेसेजचा पहिला मुद्दा तिथेच आडवा होतो.

जुना लॅपटॉप घेऊच नये असं मात्र नाही. आठव्या-दहाव्या पिढीचा, आधी ऑफिसात वापरलेला दणकट लॅपटॉप कमी पैशात उत्तम काम देतो. फक्त पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ (/), आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसते. मूळ ५० आणि आज २२ दिसत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगायचं. ‘आत्ताच नवीन टाकलीय’ म्हणणाऱ्या दुकानदाराचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

ग्राफिक कार्डाबद्दल. फर्स्ट इयरला सी किंवा पायथॉन असतं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं, बाकी पीडीएफ आणि असाइनमेंट. सी शिकायला कुठलंही मशीन चालतं. भाचीला ऑटोकॅड लागेल; ते विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून अधिकृतपणे फुकट मिळतं, दरवर्षी पात्रता दाखवून नूतनीकरण करायचं. टू-डी ड्रॉइंग प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित चालतं. उलट गेमिंग लॅपटॉप म्हणजे सव्वादोन-अडीच किलोचं धूड, वर अर्ध्या किलोच्या आसपासचा चार्जरचा ठोकळा, आणि बॅटरी अशी की दुपारच्या लेक्चरला सॉकेटजवळचा बाक धरावा लागतो. भाची रोज एसटीने जा-ये करणार आहे. हे सगळं तिच्या पाठीवर. आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, किंवा मेकॅनिकलच्या वरच्या वर्षांत जड थ्री-डी काम असेल तर कार्ड लागतं, मान्य. पण ते ज्याला लागतं त्याने घ्यावं. कॉम्प्युटरच्या मुलांना मशीन लर्निंगसाठी लागतं असं कोणी म्हणालं तर गूगल कोलॅबचं नाव सांगा, ब्राउझरमध्ये चालतं आणि शिकण्यापुरतं फुकट आहे.

‘रॅम पुढे वाढवता येते’ हे नाइलाजाने अर्धं कबूल करतो. येते, पण सगळ्यांत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डला कायमची डाखलेली असते, वरच्या ७५२०यूवाल्यांतही तशीच. तिथे ८ घेतली की चार वर्षं ८च. ऑटोकॅडची किमान गरजच ८ जीबी आहे, आणि शेजारी क्रोमचे वीस टॅब उघडे असणारच. तेव्हा रिकामा स्लॉट आहे का, हे विचारून, जमलं तर बिलावर लिहून घ्या. नसेल तर सरळ १६चा घ्या आणि तेवढ्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणा. दाजी, एवढंच गणित आहे. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी पुरते.

फुकटची विंडोज. दुकानदार टाकतो ती चोरीची असते. पुष्कळदा ती बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लागतो, कारण अ‍ॅक्टिव्हेट करणारं ते टूल कोणी बनवलं आणि आत काय घातलं, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच लॅपटॉपवर पुढे बँकेचा पासवर्ड टाइप होणार. काही ठिकाणी मोठ्या संस्थांसाठीच्या पद्धतीची नक्कल करून अ‍ॅक्टिव्हेट करतात. ते १८० दिवसांचं असतं, मग स्क्रीनवर तगादा सुरू. विंडोज असलेलाच लॅपटॉप घ्या. आणि ऑफिसचं म्हणाल तर अनेक कॉलेजं मुलांना स्वतःचा ईमेल देतात, त्यावर मायक्रोसॉफ्टची शिक्षणासाठीची ऑफिस मोफत मिळू शकते. अ‍ॅडमिशनच्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात विचारायचं, संपलं.

बॅटरी शून्यावर आणायचा सल्ला एके काळी बरोबर होता. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांसाठी. लॅपटॉपमध्ये आता लिथियम-आयन असते, तिला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही आणि सतत १०० टक्के भरून गरम राहणंही मानवत नाही. म्हणूनच आसुस, लेनोवोसारखे उत्पादक स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय देतात. ती चालू करा आणि विसरून जा. बारा तास चार्ज करायचं तर राहूच द्या, भरली की चार्जिंग आपोआप थांबतं.

स्टॅबिलायझरचं उत्तर चार्जरवरच छापलेलं असतं. ठोकळा उलटा करा. ‘इनपुट’समोर १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे आपल्याकडची वीज १७०वर घसरली तरी त्याला फरक पडत नाही; चढ-उतार सांभाळणं हेच त्याचं काम. त्याखाली ‘आउटपुट’: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, असं काहीसं. गुणाकार केला की ६५ वॉट. चार्जर बदलायची वेळ आली तर व्होल्ट आणि पिन तंतोतंत जुळली पाहिजे, अँपिअर मूळच्याइतके किंवा जास्त चालतात. आणि कोपऱ्यात बीआयएसचं चिन्ह, त्याखाली ‘आर’ आणि आठ आकडे. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घालून बघा, कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते कळतं. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरवर हा नंबर एक तर नसतो, नाहीतर दुसऱ्याच वस्तूचा निघतो. अ‍ॅक्सेसरीमध्ये कुठे पैसे वाचवायचे नाहीत, तर इथे.

मुंग्या मात्र खऱ्या आहेत. धातूच्या बॉडीवर मनगट टेकलं की बारीक झिणझिण होते. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी किंचित वीज पाझरते, तीन पिनी प्लगची जाड पिन तिला जमिनीत नेते. आपल्या जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, त्यात तीन पिनीला दोन पिनी कन्व्हर्टर लावतात. मग ती वीज तुमच्या हाताने जाते. यावर स्टॅबिलायझर काय करणार? वायरमन बोलवा आणि ताईच्या माजघरातल्या त्या बोर्डाला आधी अर्थिंग करून घ्या, लॅपटॉप येवो न येवो.

कूलिंग पॅड नको. गादीवर ठेवून खालची जाळी बुजवायची नाही, एवढं पाळलं तरी पुरे. अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीच आहे. कीबोर्ड कव्हर हौस असेल तर घ्या. पक्कं बिल घ्या हे शंभर टक्के बरोबर, सीरियल नंबरसकट घ्या. अख्ख्या मेसेजमधला एवढा एक मुद्दा मला जसाच्या तसा मान्य आहे.

राहिली ती लिंक. केंद्र सरकार सगळ्या विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप देतंय असे मेसेज सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकने पुनःपुन्हा खोटे ठरवले आहेत. काही राज्यांनी खरंच वाटलेत, तामिळनाडूने २०११पासून शाळा-कॉलेजच्या मुलांना दिले. म्हणूनच लोकांना हे पटतं. पण ते शाळा-कॉलेजमार्फत आले, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून नाही. या फॉर्ममध्ये आधार नंबर, बँक खातं आणि ‘नोंदणी शुल्क’ मागितलंय. ताईने नाव आणि मोबाइल नंबर भरला होता, आधारच्या रकान्यापाशी चष्मा सापडला नाही म्हणून थांबली. तुमच्या घरात कोणी पुढे जाऊन पैसे भरले असतील तर हे वाचत बसू नका, आधी १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा आणि मग बँकेला.